आधी काम बघा, मग फॉर्म भरा

दहावीचा निकाल लागला की कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावर अभिनंदनाचे फलक झळकतात आणि घरोघरी ‘पुढं काय?’ सुरू होतं. बहुतेक ठिकाणी उत्तर आधीच ठरलेलं असतं. पाव्हण्यांचा पोरगा पुण्यात कॉम्प्युटरला आहे, म्हणून आपलाही कॉम्प्युटरलाच. शेजारच्या पोरीनं सायन्स घेतलं, म्हणून आपल्या पोरीनंही. इंजिनीअर कामावर जाऊन दिवसभर नेमकं काय करतो, असं विचारलं तर बाप आणि पोरगं दोघंही गप्प. म्हैस घ्यायची तर आपण वडगावच्या बाजारात तिचे दात बघतो, धार काढून बघतो, चार जणांना विचारतो. ज्या कामात पोराची तीस-पस्तीस वर्षं जायची, ते मात्र एकदाही न बघता फॉर्म भरून मोकळे होतो.

म्हणून बिद्री आणि आसपासच्या गावांतल्या पालकांना, शिक्षकांना आणि आठवी ते दहावीतल्या मुलामुलींना माझा आग्रह एवढाच आहे: शाखा कोणती, कॉलेज कोणतं, हे नंतर. आधी काम बघा. त्यासाठी पुण्या-बंगळूरला जायला नको. इथल्या पंचक्रोशीत बघण्यासारखं इतकं आहे, की दोन वर्षांच्या सुट्ट्या पुरणार नाहीत.

सुरुवात अर्थात कारखान्यापासून. दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचं धुराडं इथल्या मुलांना जन्मापासून दिसतं. ऊस घेऊन वडिलांबरोबर काट्यापर्यंत गेलेली मुलंही पुष्कळ. पण काट्याच्या आणि गव्हाणीच्या पलीकडं काय चालतं, ते बघितलेली मुलं फार थोडी. खरं तर अकरावी-बारावीचं अर्धं भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र त्या भिंतीच्या आत चोवीस तास चालू असतं.

मुलाला आत नेण्याआधी एखाद्या गुऱ्हाळावर न्या. तिथं गुळव्या काहिलीतल्या रसाकडं बघून, काकवीचा थेंब पाण्यात टाकून, बोटांनी चाचपून सांगतो की आता उतरवा. त्याची नजर हेच त्याचं उपकरण. उघड्या काहिलीत रस आटवायचा तर तापमान शंभर अंशांच्या वर जातं आणि गुळाला तो तांबूस रंग येतो. आता कारखान्यात चला. तिथंही रसच आटवायचा आहे, पण साखर जळता कामा नये, पिवळी पडता कामा नये. मग रस बंद पॅनमध्ये घेतात, आतली हवा खेचून दाब कमी करतात आणि पाक 70 अंशांच्या आसपासच उकळायला लागतो. दाब कमी झाला की उत्कलनांक कमी होतो, हे वाक्य मुलानं पुस्तकात पाठ केलेलं असतं. पॅनच्या काचेतून खदखदणारा पाक आणि शेजारच्या तापमापीवरचा आकडा एकदा बघितला, की ते पाठ करावं लागत नाही.

तसंच पुढं. रसात चुन्याचं दूध आणि गंधक जाळून तयार केलेला वायू सोडतात, त्याचा सामू सातच्या आसपास आणतात, गाळ खाली बसतो आणि तोच प्रेसमड म्हणून आपल्या शेतात येतो. आम्ल, अल्क, उदासिनीकरण: सगळा धडा एका टाकीत. प्रयोगशाळेत पोलॅरिमीटरमधून बघून केमिस्ट रसातली साखर सांगतो, कारण साखरेचं द्रावण ध्रुवीकृत प्रकाशाची दिशा फिरवतं. बारावीच्या रसायनशास्त्रात हा भाग येतो तेव्हा ‘हे कशाला शिकायचं?’ असं प्रत्येक वर्गात कुणीतरी पुटपुटतं. आपल्या उसाचा उतारा ह्याच मोजमापावर ठरतो आणि दर त्या उताऱ्यावर, हे बागायतदाराच्या पोराला कळलं तर तो पुटपुटणार नाही.

चिपाडाचीही अशीच गंमत. एक टन उसातून साखर निघते साधारण 120 किलो, आणि बगॅस, म्हणजे हे चिपाड, निघतं त्याच्या दुपटीहून जास्त. ते बॉयलरमध्ये जळतं, वाफेवर टर्बाइन फिरतं, वीज होते, आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेली तीच वाफ पुन्हा रस तापवायला वापरतात. रसाच्या इव्हॅपोरेटरमध्ये तर पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्या भांड्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला. ही युक्ती व्यवहारात उतरवून 1843 साली तिचं पेटंट घेतलं ते नॉर्बर्ट रिल्यू या अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या अभियंत्यानं. त्याची आई कृष्णवर्णीय होती, आणि त्या काळात तिथं गुलामगिरी चालू होती. जगभरच्या साखर कारखान्यांत इंधन वाचतं ते त्याच्या डोक्यामुळं. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. आपल्या कारखान्यातलं यंत्र ‘कुठून तरी आलं’ असं त्यांना वाटत असतं. त्यामागं एका माणसाची खटपट होती, हे कळलं की यंत्राकडं बघायची नजर बदलते.

कारखाना बघायचा तो गाळप चालू असताना, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान. शाळेच्या लेटरहेडवर रीतसर अर्ज करा, मुलांचे गट लहान ठेवा, पायांत बंद बूट असू द्या. आणि मुलांना मोकळ्या हातानं पाठवू नका. प्रत्येकानं तीन माणसांना विचारून यायचं: तुम्ही काय शिकलात, इथं पहिल्या वर्षी कोणतं काम केलं, आणि चूक झाली तर काय होतं? शेवटच्या प्रश्नाची उत्तरं सगळ्यात चांगली मिळतात. बॉयलरवरचा माणूस सांगेल की त्याच्याकडं राज्याच्या बाष्पके संचालनालयाचं प्रमाणपत्र आहे आणि त्याशिवाय बॉयलर चालवताच येत नाही. त्या परीक्षांचीही पायरी असते: बॉयलर अटेंडंट आणि त्याच्या वर बॉयलर ऑपरेशन इंजिनीअर. केमिस्ट सांगेल की बी.एस्सी. करून पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये किंवा कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेत साखर तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम करता येतो. मद्यार्क तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रमही आहेत, आणि इथेनॉलमुळं त्यांना आता वेगळीच किंमत आली आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कारखाना दाखवायचा तो ‘साहेब, पोराला कुठंतरी चिकटवून घ्या’ म्हणायला नव्हे. साखरधंद्यातल्या कितीतरी नोकऱ्या हंगामी असतात आणि वशिल्याशिवाय काही होत नाही ही भावना गावोगाव आहे, ती काही हवेतून आलेली नाही. पण वाफ, दाब, पंप, नियंत्रण यंत्रणा आणि रसायनं ज्याला कळली, त्याला औषधांचा, खतांचा, दुधाचा, कागदाचा कुठलाही कारखाना परका नाही.

कारखान्याच्या नावातच दोन नद्या आहेत. दूधगंगेवर काळम्मावाडीचं धरण, वेदगंगेवर पाटगावचं. पण मुलाला धरणाच्या आधी बंधारा दाखवा. नदीत दगडी खांब, खांबांना खाचा, पावसाळा सरला की खाचांत बरगे घालून पाणी अडवायचं आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की बरगे काढून नदी मोकळी करायची. पूर आला तर तो खांबांमधून आणि वरून निघून जातो, बंधारा जागेवर राहतो. महाराष्ट्रभर पाटबंधारे खातं याला ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतं. आपल्या जिल्ह्याच्या नावानं अभियांत्रिकीत एक रचना ओळखली जाते, आणि त्याच बंधाऱ्यावरून रोज सायकल दामटणाऱ्या मुलाला ते ठाऊक नसतं, याचं मला फार नवल वाटतं.

शेजारी भोगावतीवर राधानगरी धरण. राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलेलं. दर पावसाळ्यात बातमी येते: राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, एका दरवाज्यातून 1428 क्युसेक विसर्ग. बातमी वाचून आपण पंचगंगेच्या पुराची काळजी करतो आणि पेपर बाजूला ठेवतो. त्याऐवजी मुलाला विचारा, क्युसेक म्हणजे किती? सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सव्वाअठ्ठावीस लिटरच्या आसपास. मग 1428 क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 40 हजार लिटर. असे सात दरवाजे. सातही उघडले तर तासाला किती? आणि मोटर न लावता, पाण्याची पातळी वाढल्यावर दरवाजा आपला आपण उघडतो तो कसा? एवढे दोन प्रश्न ज्याला रात्री झोपू देत नाहीत, त्यानं सिव्हिल किंवा मेकॅनिकलचा विचार जरूर करावा. ज्याला ते कंटाळवाणे वाटले त्यालाही आपल्याबद्दल काहीतरी कळलंच की.

‘काम दाखवा’ ही कल्पना माझी नाही, आणि ती बाहेरूनही आलेली नाही. याच रस्त्यानं पुढं गारगोटीला जे. पी. नाईकांनी मौनी विद्यापीठ उभं केलं. माणूस आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा. खेड्यातलं शिक्षण खेड्यातल्या कामाशी जोडायचं, ही त्यांची धडपड. गारगोटीचं आय.सी.आर.ई. तंत्रनिकेतन, सिव्हिल आणि ग्रामीण अभियांत्रिकीची संस्था, त्याच परंपरेतली. हेच नाईक पुढं 1964 ते 1966 या काळातल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते, आणि शाळेत प्रत्येक मुलाला कार्यानुभव मिळाला पाहिजे, ही त्या आयोगाची ठळक शिफारस. आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंह कोठारी स्वतः भौतिकशास्त्रज्ञ होते. पुढं आपल्या शाळांत कार्यानुभवाचं काय झालं ते आपण जाणतोच: खडू, कागदी फुलं, नाहीतर बुडालेला तास. शिक्षकांनी तो तास बंधाऱ्यावर, दूध संकलन केंद्रावर, कृषिपंप दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात घेतला तर सरकारचा नवा आदेश निघायची वाट बघावी लागणार नाही.

आता वाटांकडं वळू. दहावीनंतर डिप्लोमा, आय.टी.आय. की अकरावी सायन्स? गावात याचा एक उतरता क्रम ठरून गेला आहे: हुशार तो सायन्सला, मधला डिप्लोमाला, उरलेला आय.टी.आय.ला. हा क्रम चुकीचा आहे, निदान कोल्हापुरात तरी. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत फौंड्र्या आणि मशीन शॉप आहेत, कागलमध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना आहे. तिथं मोल्डिंग, पॅटर्न, सी.एन.सी. आणि तपासणी कळणाऱ्या माणसाला मान आहे. ज्या मुलाचे हात सतत काहीतरी उघडून बघत असतात, घरातला मिक्सर ज्यानं दोनदा खोलून एकदा तरी नीट जोडला आहे, त्याला दोन वर्षं नुसत्या पुस्तकांत कोंडण्यापेक्षा तीन वर्षांचा डिप्लोमा बरा. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, सीईटी नाही, आणि पुढं पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आय.टी.आय.वाल्यानं शिकाऊ उमेदवारी चांगल्या ठिकाणी मिळवली तर त्याचाही पाया पक्का होतो.

फक्त डिप्लोमाच्या वाटेवर एक खड्डा आहे आणि तो आधी कुणी सांगत नाही. थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्या मुलांना गणित जड जातं, कारण बाकीची मुलं पदवीचं पहिलं वर्ष करून आलेली असतात. कलनशास्त्र कच्चं असेल तर तिथं एटीकेटी ठरलेली. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षापासूनच रोज तासभर गणित केलं तर हा खड्डा बुजतो.

अकरावी सायन्सला जाणाऱ्यांची अडचण निराळी: इंग्रजी. मराठी माध्यमातून आलेलं पोरगं दहावीला नव्वद टक्के घेऊन अकरावीच्या वर्गात बसतं आणि पहिल्या महिन्यात त्याला वाटायला लागतं की आपल्याला फिजिक्स जमत नाही. त्याला फिजिक्स जमत असतं, पुस्तकाची भाषा जमत नसते. यावर साधा उपाय म्हणजे दहावीनंतरच्या सुट्टीत नववी-दहावीची विज्ञान आणि गणिताची इंग्रजी पुस्तकं वाचायची. विषय माहीत असलेला, शब्द तेवढे नवे. पाठ्यपुस्तक मंडळाची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. शेजारी मराठी पुस्तक उघडं ठेवायचं. विज्ञानाचे शब्द हे पाच-सहाशेच असतात हो, आणि महिन्याभरात ते डोळ्यांच्या ओळखीचे होतात.

एमएचटी-सीईटी या इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेबद्दलही दोन गोष्टी नीट कळून घ्या. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचा पेपर मराठीतही देता येतो, गणिताचा मात्र इंग्रजीतच. आणि 200 गुणांपैकी 100 एकट्या गणिताचे, कारण गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. साधारण 80 टक्के प्रश्न बारावीवर, 20 टक्के अकरावीवर. म्हणजे वेळ कुठं घालवायचा ते पेपरच सांगतो आहे. जेईई मेनही मराठीतून देता येते.

कॉलेजात फक्त नाव घालायचं आणि दिवसभर क्लासला बसायचं, हा जो प्रकार वाढला आहे, तो मला अजिबात पसंत नाही. त्यात पहिला बळी जातो प्रयोगशाळेचा. ब्युरेट हातात न धरता, मल्टिमीटर न लावता बारावी सायन्स पास झालेली मुलं इंजिनीअरिंगच्या कार्यशाळेत बावरतात. बिद्रीत दूधसाखर महाविद्यालय आहे, गारगोटी-मुरगूडलाही कॉलेजं आहेत. जवळच्या कॉलेजात जाऊन प्रात्यक्षिकं मन लावून करणारा आणि उरलेल्या वेळात सीईटीचे जुने पेपर सोडवणारा विद्यार्थी क्लासला लाख-दीड लाख भरणाऱ्यापेक्षा मागं पडतोच, असं नाही. जाण्यायेण्यातले तीन तास वाचतात, ते निराळेच.

आणि सायन्स म्हणजे इंजिनीअरिंग-मेडिकल एवढंच, हेही डोक्यातून काढा. जयंत नारळीकर कोल्हापुरात जन्मले, 19 जुलै 1938 ला. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. प्रश्न विचारायची अशी खोड ज्या मुलाला आहे, त्याच्यासाठी पुण्याची आयसर ही विज्ञानशिक्षणाची संस्था आहे. तिथला प्रवेश आयसरच्या स्वतंत्र अभियोग्यता चाचणीनं होतो. भुवनेश्वरच्या नायसरसाठी आणि मुंबई विद्यापीठाच्या आवारातल्या मूलभूत विज्ञान केंद्रासाठी नेस्ट नावाची परीक्षा असते. आपल्याकडं या परीक्षांची नावंही बारावीच्या मार्चनंतर कानावर पडतात, तोवर मुदत टळून जाते की काय अशी धांदल. बोर्डात वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठी केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 80 हजारांची. त्या त्या वर्षीची अधिसूचना बघून अर्ज करायचा.

घरापासून लांब जायचं नसेल तर शिवाजी विद्यापीठही काही कमी नाही. तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागातले डॉ. एस. आर. यादव यांनी सह्याद्री धुंडाळून कंदीलपुष्पांसारख्या वनस्पतींच्या नव्या प्रजाती जगापुढं आणल्या. दाजीपूरचं जंगल आणि पाटगावचा घाट ज्याच्या परसात आहे, त्या मुलाला हे शास्त्र दिल्ली-मुंबईच्या मुलापेक्षा जवळचं. वाट लांबची आहे, हे मात्र लपवू नये. एम.एस्सी., मग नेट, मग पीएच.डी.; वयाची अठ्ठाविशी उलटते. नेट-जेआरएफ मिळाली तर महिन्याला 37 हजार रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो, पण ती मिळवायला लागते. घरच्यांची तेवढी थांबायची तयारी आहे का, हे आधीच बोलून घ्या.

मुलींच्या बाबतीत अडचण बुद्धीची कधीच नव्हती. ती एस.टी.च्या वेळेची, वसतिगृहाची आणि ‘पोरीवर एवढा खर्च कशाला’ या वाक्याची आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत आहे. 2024-25 पासून, वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एवढीच, की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झाला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यात ही सवलत नाही. तेव्हा ‘कॉम्प्युटरच पाहिजे’ म्हणून पैसे भरून कोट्यातून जाण्याआधी हिशोब मांडा.

मुलग्यांसाठी याच उत्पन्न मर्यादेत राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, त्यात निम्मं शुल्क मिळतं. शुल्कमाफीच्या टीएफडब्ल्यूएस जागा गुणवत्तेवर भरतात, त्याचा पर्याय अर्जात आठवणीनं निवडायचा. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता मिळतो. मराठा-कुणबी मुलांनी सारथीच्या, ओबीसी, विमुक्त आणि भटक्या जमातींच्या मुलांनी महाज्योतीच्या, अनुसूचित जातींच्या मुलांनी बार्टीच्या योजनांवर लक्ष ठेवावं. आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस परीक्षा आहे. तिच्यातून निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12 हजारांची शिष्यवृत्ती मिळते. ती परीक्षा शाळेनं सगळ्या पात्र मुलांना द्यायला लावली पाहिजे, पहिल्या पाच हुशारांनाच नव्हे.

शेवटी कागदपत्रं, कारण गुणांनी मिळालेली जागा कागदावाचून गेल्याची उदाहरणं दर वर्षी घडतात. उत्पन्नाचा दाखला, वय-अधिवास, नॉन-क्रिमीलेअर हे जूनच्या गर्दीत काढायला जाऊ नका, सेतूत तेव्हा रांग आणि सर्व्हर दोन्ही छळतात. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करायचा, त्याला महिने लागतात. बँक खातं विद्यार्थ्याच्या नावावर आणि आधारशी जोडलेलं असावं, महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीचे पैसे तिथंच येतात. आणि नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत आधार कार्ड, जन्माचा दाखला आणि शाळेच्या रजिस्टरमधली नोंद समोरासमोर ठेवून नाव, आडनाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवून बघा. तेव्हा दुरुस्ती शाळेमार्फत होते. दहावीचं प्रमाणपत्र छापून आल्यावर तीच दुरुस्ती कोल्हापूरच्या विभागीय मंडळापर्यंत जाते.